‘आणि’च्या पुढचं

पप्पांची वाचा गेली त्याला येत्या जूनमध्ये सहा वर्षं होतील. त्यांच्या तोंडून स्वतःहून निघतो असा एकच शब्द आता उरला आहे, ‘आणि’. पाणी हवं असलं की ‘आणि’, पंख्याचा वारा सोसत नसला की ‘आणि’, दारात ओळखीचं माणूस दिसलं की डावा हात वर करून हसत ‘आणि, आणि’. हा माणूस तीस वर्षं एसटीत वाहक होता. नगर–शेवगाव, नगर–पुणे, नगर–नाशिक. बाजाराच्या दिवशी गाडी खच्चून भरलेली असायची, तरी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज. रविवारी तोच आवाज आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थनेला उभा राहायचा. त्यांची प्रार्थना लांब असे, आणि एकेक विनंती ‘आणि हे प्रभू’ने पुढच्या विनंतीला जोडलेली असे. आणि हे प्रभू, दवाखान्यात आहेत त्यांची आठवण कर. आणि हे प्रभू, ज्यांच्या रानात अजून पाऊस नाही त्यांची आठवण कर. आणि हे प्रभू, दहावीला बसलेली लेकरं. आम्ही भावंडं लहानपणी एक डोळा किलकिला करून बघायचो, संपत आली का म्हणून. एवढ्या मोठ्या प्रार्थनेतला तो जोडशब्द तेवढा राहिला, तो ज्यांना जोडायचा ती वाक्यं गेली.

या वर्षांत मी देवाजवळ एकच गोष्ट मागितली आहे, पप्पांची वाचा परत दे. ती मिळालेली नाही. आमच्या साक्षीच्या सभांत ज्यांना मिळालं ते उभे राहून सांगतात. ज्यांना मिळालं नाही ते मागच्या बाकावरून ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणतात आणि घरी जाऊन पुन्हा तेच मागतात. ते कसं मागत राहतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

२०१९ चा जून होता, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. सकाळी सहाच्या सुमारास पप्पांच्या हातून कप निसटला, बशी फुटली. ते काहीतरी म्हणाले ते मला नीट कळलं नाही. आदल्या रात्री जागरणाची प्रार्थना होती, झोप झालेली नसेल असं मी धरून चालले. “पप्पा, पडा जरा,” म्हटलं, तुकडे उचलले आणि शाळेला गेले. दीड वाजता परत आले तेव्हा ते पलंगाच्या कडेला वाकडे पडले होते, उजवा हात अंगाखाली. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, त्रास किती वाजता सुरू झाला? मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा आठ तास होऊन गेले होते.

त्यामुळे माझ्या मागण्याच्या तळाशी पहिल्या दिवसापासून आणखी एक मागणं होतं. पप्पा बोलायला लागले असते तर माझी ती सकाळ पुसली गेली असती. हे माझं मलाच कळायला दोन वर्षं लागली. तोवर मी समजत होते, मी फक्त त्यांच्यासाठी मागते आहे.

डॉक्टरांनी शब्द सांगितला तो वाचाघात. डाव्या मेंदूत बोलणं घडवणारा जो भाग असतो तिथला रक्तपुरवठा तुटला होता, म्हणून उजवं अंगही लुळं पडलं. समजतं जवळजवळ सगळं, पण मनातलं शब्दापर्यंत पोचत नाही. पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ साली पॅरिसमध्ये अशाच एका रोग्याचा मेंदू मृत्यूनंतर तपासून हा भाग दाखवून दिला होता. त्या रोग्याला काहीही विचारलं तरी तो ‘तँ’ एवढंच म्हणे. डॉक्टरांनी हे मला धीर द्यायला सांगितलं होतं, असं होतं, तुमच्या वडिलांचंच झालंय असं नाही. मला मात्र त्या रात्री त्या फ्रेंच माणसाच्या घरच्यांचा विचार येत राहिला. त्यांनीही कुठल्या तरी देवळात मेणबत्ती लावली असेल.

पहिले दोन महिने मला प्रार्थना करायला काही कष्टच पडले नाहीत. मंडळीने साखळी प्रार्थना धरली. चोवीस तासांचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे केले आणि घरं वाटून घेतली. पहाटे तीनची वेळ ज्या घराने घेतली होती त्या घरची आजी सकाळी फोन करून सांगायची, “झाली गं बाई माझी पाळी, तू आता ऊठ.” मग मी दानीएलाचा उपास धरला. बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकात दहाव्या अध्यायात तो तीन सप्तकं गोडधोड, मांस, द्राक्षारस सोडून शोक करत राहतो, आणि दूत येऊन सांगतो की पहिल्याच दिवशी तुझे शब्द ऐकले गेले, वाटेत एकवीस दिवस अडथळा होता. त्या एकवीस या आकड्यावर मी घट्ट विश्वास ठेवला. भाकरी, मीठ, फळं. बाविसाव्या दिवशी सकाळी आंघोळ करून पप्पांच्या पलंगाशी बसले. छाती धडधडत होती. “पप्पा, काय म्हणताय?”

“आणि,” पप्पा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन चहात साखर घातली. तीन आठवड्यांनी घातलेली साखर, तरी जिभेला चव लागली नाही.

त्याच सुमारास बाहेरगावचे एक प्रचारक घरी आले. कोण ते सांगायचं कारण नाही. त्यांनी जखऱ्याची गोष्ट काढली. देवदूताच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही म्हणून याजक जखऱ्या मुका झाला, तर या घरातही कुठे अविश्वास आहे का ते शोधा, असं त्यांनी पप्पांच्या समोर, पप्पांच्या पलंगाजवळ उभं राहून सांगितलं. पप्पांना सगळं समजतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं आणि ते पुसायला त्यांचा उजवा हात उठेना. मी त्या गृहस्थांना क्षमा केली आहे असं म्हणते, रोज म्हणते, आणि रोज पुन्हा म्हणावं लागतं.

पण त्या रागातून एक झालं, ही गोष्ट जिथे आहे तो लूकच्या सुवार्तेचा पहिला अध्याय मी शब्दन् शब्द वाचला. दूताचं जखऱ्याला पहिलं वाक्य काय आहे? भिऊ नकोस, तुझी विनंती ऐकण्यात आली आहे. वाचा जाते ती त्यानंतर. म्हणजे ज्याची विनंती ऐकली गेली तोच माणूस मंदिरातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या तोंडून शब्द निघत नाही, तो लोकांना खुणा करत राहतो. बाहेर ताटकळलेल्या लोकांना काय दिसलं असेल? एक मुका झालेला म्हातारा याजक. आतमध्ये काय ऐकलं गेलं ते त्यांना दिसायला जागाच नव्हती. याने माझं समाधान झालं असं नाही. पण घरात अविश्वास शोधायचं मी त्या दिवशी सोडून दिलं.

सप्टेंबरपासून वाचाउपचार सुरू झाले. थेरपिस्ट ताई तरुण होत्या, ख्रिस्ती नव्हत्या. त्यांनी पप्पांना आकडे म्हणायला लावले. “एक” त्यांनी म्हटलं, पप्पांच्या ओठांकडे बोट केलं, आणि पप्पा “दोन, तीन, चार” करत दहापर्यंत गेले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. मग वार झाले. मग ताईंनी मला विचारलं, यांना अगदी पाठ असलेलं काय आहे? मी म्हटलं, प्रभूची प्रार्थना. सुरुवात करा, त्या म्हणाल्या. मी “हे आमच्या स्वर्गातील पित्या” म्हटलं, आणि पप्पांचा तोच जुना आवाज, तीन महिन्यांनी, जरा फाटलेला: “तुझे नाव पवित्र मानले जावो. तुझे राज्य येवो.” मी रडले. ताईही रडल्या. तेवढ्यात ना. वा. टिळकांचं एक ख्रिस्ती भजन मी धरलं, तर पप्पांनी त्याची दोन कडवी सुरात म्हटली.

रविवारी मला साक्ष द्यायला उभं केलं आणि मी दिली. चमत्कार झाला, असं मी म्हणाले. सगळी मंडळी उभी राहिली.

सोमवारी पप्पांना तहान लागली. ते दहा मिनिटं “आणि, आणि” करत राहिले. मी आधी उशी बदलली, मग खिडकी लावली, मग भांडं आणलं. शेवटी त्यांनी डाव्या हाताने पलंगाच्या लोखंडावर जोरजोरात आपटलं. ज्या माणसाने परवा प्रभूची प्रार्थना म्हटली त्याला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं. थेरपिस्ट ताईंना विचारलं तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. आयुष्यभर घोकलेलं, सुरात बसलेलं, आकडे, वार, प्रार्थना, गाणी, अगदी शिव्यासुद्धा, हे मेंदूत वेगळ्या रीतीने साठलेलं असतं, त्यात उजव्या बाजूचाही वाटा असतो. ते आपोआप वाहतं. स्वतःचं नवीन वाक्य रचणं ही वेगळी गोष्ट. अशा रोग्यांत हे नेहमी दिसतं.

म्हणजे मी मंडळीपुढे जे सांगितलं ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मी पाळकसाहेबांकडे, आमच्या धर्मगुरूंकडे, गेले आणि म्हटलं, साक्ष मागे घ्यायची आहे. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मागे घेऊ नका, पुढच्या वेळी पुरती सांगा. तो दिवस अजून आलेला नाही, म्हणून आधी इथे सांगते. आजही कुणी म्हणतं, अहो, प्रार्थना म्हणता येते हेच उत्तर नाही का? मी नाही म्हणते. ते देणं आहे, त्यासाठी मी आभार मानते, पण मी जे मागितलं ते हे नव्हे. मागितलं एक आणि मिळालं दुसरं, तर मिळालेल्याला मागितलेल्याचं नाव देऊन देवाची बाजू सांभाळायची, हे मला जमत नाही. आणि देवाला त्याची गरज आहे असंही वाटत नाही.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. थेरपिस्ट ताई येईनात, साखळी केव्हाच तुटली होती, मंडळीच्या फाटकाला कुलूप. त्या वर्षी गुड फ्रायडे १० एप्रिलला आला. आमच्याकडे त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरचे सात उद्गार एकामागून एक वाचतात, दर उद्गारावर एकेक जण बोलतो. चौथा उद्गार वर्षानुवर्षं पप्पांकडे असायचा. त्या दिवशी घरात आम्ही दोघंच. मी वाचत गेले. “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” पान उलटायला गेले तर पप्पांनी पानावर हात ठेवला. मी थांबले. हात काढतील म्हणून वाट पाहिली. त्यांनी काढला नाही. पाचवा, सहावा, सातवा उद्गार त्या दिवशी आमच्या घरी वाचलाच गेला नाही.

त्यानंतर माझं मागणं बंद पडलं. ठरवून बंद केलं असं म्हणता येणार नाही. जेवणाआधी उपकारस्तुती होत होती, झोपताना प्रभूची प्रार्थना होत होती, कारण ती पप्पांना लागायची. पण ‘वाचा परत दे’ हे शब्द तोंडात यायचे आणि मी गिळायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. कारण रुसवा नव्हता, थकवा होता. प्रेषित पौलाचा मला हेवा वाटायचा. त्याने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला स्पष्ट सांगितलं गेलं: “माझी कृपा तुला पुरे आहे.” काटा राहिला, पण निरोप तरी आला. ‘नाही’ हे उत्तरच आहे. मला ‘हो’ही नव्हतं आणि ‘नाही’ही नव्हतं, नुसती रात्र होती आणि पलंगाच्या लोखंडाचा आवाज.

मग एक मावशी यायला लागल्या. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, सत्तरीच्या पुढे. टाळेबंदी सैल झाल्यावर दर गुरुवारी चारला येत. आल्या की पप्पांचा उजवा हात मांडीवर घेऊन तेल लावत, बोटं एकेक करून सरळ करत, आणि काही बोलत नसत. बायबलात दुःखात बुडालेल्या ईयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि कुणी एक शब्द बोललं नाही, असं लिहिलं आहे. त्यांनी तोंड उघडल्यावर जे झालं ते पुढे कितीतरी अध्याय पुरलं. मावशींनी तो पहिला आठवडा दोन महिने चालवला.

एका गुरुवारी मी त्यांना म्हटलं, “मावशी, माझ्याच्याने आता मागवत नाही.”

“मग नको मागूस,” त्या म्हणाल्या. हात पप्पांच्या बोटांवरच. “मी मागते ना तुझ्या वाटचं. तू बस नुसती.”

“असं चालतं का?”

“छपराला भोक पाडलं ते कुणी? आजाऱ्याने?”

कफर्णहूमात चौघांनी पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणलं, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उकरलं आणि बाज खाली सोडली. मार्क लिहितो, येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे वाहणाऱ्यांचा. ही गोष्ट मी शब्बाथशाळेत मुलांना कित्येक वर्षं शिकवली होती, पुठ्ठ्याचं घर करून, दोऱ्याने बाज सोडून. आपण स्वतः बाजेवर असू हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पुढचे काही महिने मी अक्षरशः नुसती बसले. गुरुवारी मावशी पप्पांची वाचा मागायच्या, साध्या दोन वाक्यांत, आणि मी ‘आमेन’ म्हणायचे. कधी तेवढंही नाही.

पुन्हा मागायला लागले ते बायबलातल्या स्तोत्रांमुळे. मावशींनीच सांगितलं होतं, स्वतःचे शब्द संपले तर उसने घे. रोज एक स्तोत्र, मोठ्याने, पप्पांजवळ बसून, रात्री नऊची गोळी झाल्यावर. दीडशे आहेत, म्हणजे पाच महिन्यांत पुन्हा पहिल्यापासून. आवडीचं निवडायचं नाही, क्रमाने जे येईल ते. आमच्याकडे भिंतीवर तेविसावं असतं, आजारपणात एकशे एकविसावं वाचतात, लग्नात एकशे अठ्ठाविसावं. क्रमाने वाचायला लागल्यावर कळलं की साधारण तिसरा हिस्सा तरी विलापच आहे. तेराव्या स्तोत्रात दोन वचनांत चार वेळा देवाला ‘कोठवर?’ विचारलं आहे. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला तर शेवटी वळणही नाही, तक्रार सुरू होते आणि अंधारातच संपते. पहिल्यांदा ते वाचून मी पान उलटून पाहिलं, पुढे काही राहिलं का म्हणून. नव्हतं. हे कुणीतरी देवळात गायला लिहिलं, आणि शास्त्र जपणाऱ्यांनी ते काढून टाकलं नाही.

खरं तर आपल्या मातीत हे नवीन वाटायला नको होतं. जनाबाईने विठोबाला शिव्या दिल्या आहेत, तुकोबांनी देवाला उभं करून जाब विचारला आहे, आणि लोक ते वारीत गातात. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ना. वा. टिळकांनीच सांगितलं आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी आमच्या नगरात राहिला, ओव्या-अभंगांच्या चालीत आम्हाला भजनं देऊन गेला. पण देवाशी भांडायचा धीटपणा आम्ही मंडळीत दाराबाहेर चपलांबरोबर ठेवून येतो. स्तोत्रांनी तो मला परत दिला. भांडताना माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा त्याच्याशीच बोलते आहे.

येशूने सांगितलेली विधवेची गोष्ट, विधवेचा दाखला, मी त्या काळात शंभरदा वाचला असेल. अन्यायी न्यायाधीशाकडे ती येत राहते, येत राहते, शेवटी तो कंटाळून न्याय करतो. लूक सुरुवातीलाच कारण सांगतो, सर्वदा प्रार्थना करावी आणि खचू नये म्हणून हा दाखला. उपदेशात ‘बघा, शेवटी मिळालंच’ यावर भर असतो. मला ती रोज सकाळी घरून निघताना दिसायची. काल हाकलून दिलं, परवा हाकलून दिलं, आज पुन्हा पदर सावरून, दाराला कडी लावून निघाली. किती दिवस, ते येशूने सांगितलेलं नाही.

आणि गेथशेमाने, येशूला धरलं त्या रात्रीची ती बाग. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली. त्याचं रूप पालटलं त्या डोंगरावर मेघातून झाली. गेथशेमानेत तो तीनदा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो, हा प्याला टळो, आणि वाणी होत नाही. लूकने बळ देणाऱ्या दूताचा उल्लेख केला आहे, पण पित्याचा शब्द चौघांपैकी एकाही सुवार्तेत नाही. मी यातून काही सिद्ध करत नाही. मला एवढंच कळलं की ज्या शांततेत मी बसले होते तिथे तो माझ्याआधी बसून गेलेला होता.

२०२३ मध्ये मंडळीची बस केडगावला गेली. नगरच्या वेशीवरचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. तिथे गेलं की १९०५ ऐकायला मिळतं: मुली रोज प्रार्थनेला जमत होत्या, जूनअखेर संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, सुरू झालं, कशी ज्योत पसरली. मी ते लहानपणापासून पप्पांच्या तोंडून ऐकलेलं. यावेळी माझं मन १९२१ वर अडलं. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, त्यांचा उजवा हात, सगळं काम ज्या लेकीच्या हाती जायचं होतं ती २४ जुलै १९२१ ला वारली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. ज्या बाईच्या प्रार्थनेच्या गोष्टी आपण शंभर वर्षं सांगतो तिने आपल्या आजारी लेकीसाठी प्रार्थना केली नसेल असं माझ्याच्याने म्हणवत नाही. मधल्या साडेआठ महिन्यांत त्या काय करत होत्या? बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. आम्ही १९०५ सांगतो आणि १९२१ गाळतो. मला वाटतं, दोन्ही एकाच श्वासात सांगायला हवीत, नाहीतर माझ्यासारख्या बाईला वाटतं की आपल्याच प्रार्थनेत काहीतरी खोट आहे.

त्या सहलीनंतर मी मावशींजवळ ती सकाळ बोलले. फुटलेली बशी, ‘पडा जरा’, साडेचार तास. चार वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, भावालाही नाही. मावशी म्हणाल्या, “हे त्यांना सांगितलंस?” मी त्या रात्री पप्पांना सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने माझं डोकं खाली ओढलं, अगदी आपल्या छातीपर्यंत, आणि बराच वेळ सोडलं नाही. तेव्हापासून माझ्या मागण्यातला तो दुसरा धागा सुटला आहे. आता मी वाचा मागते ती फक्त त्यांच्यासाठी. त्यामुळे मागणं हलकं झालं, पण थोडं झालं नाही.

मधल्या काळात काय सुधारलं तेही सांगायला हवं. काठी धरून ते अंगणापर्यंत जातात. डाव्या हाताने जेवतात. चित्रांचा एक तक्ता केला आहे, पाणी, पंखा, औषध, बाथरूम, बायबल, त्यावर बोट ठेवतात, त्यामुळे लोखंड आपटणं बंद झालं. ‘हो’ला मान हलते. स्वतःहून नवीन शब्द आलेला नाही. इतक्या वर्षांनी फारसा येत नाही, असं डॉक्टर सांगतात, आणि मी त्यांचं ऐकते आणि तरी मागते.

आमची रात्रीची रीत अशी आहे. नऊची गोळी, स्तोत्र, मग थोडा वेळ गप्प. त्या वेळात पप्पांचे ओठ हलत असतात, आवाज नसतो. बायबलातल्या शमुवेलाची आई हन्ना अशीच मंदिरात प्रार्थना करत होती, ओठ हलत होते आणि शब्द ऐकू येत नव्हता, एली याजकाला वाटलं बाई प्यायलेली आहे. त्यांच्या ओठांवर काय असतं ते मला माहीत नाही. मग मी “हे आमच्या स्वर्गातील पित्या” म्हणते आणि ते पुढचं उचलतात. बहुतेक रात्री शेवटपर्यंत जातात. कधीकधी अडतात, आणि अडतात ते नेहमी एकाच ठिकाणी, “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे, आणि”. तिथे त्यांचा तो शब्द येतो आणि गाडी थांबते. मी पुढचं म्हणून हात दिला की सुरू होते.

गेल्या मंगळवारी अडले. मी पुढचं म्हणणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणू नको, असं. “आणि,” ते म्हणाले. मी थांबले. “आणि,” पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर हलायला लागला, तिकिटांच्या गठ्ठ्यावर हलायचा तसा, एकेक पान सुटं करत. मला काय वाटलं कोण जाणे, मी डोळे मिटले आणि म्हटलं, “दवाखान्यात आहेत त्यांची आठवण कर.”

अंगठा पुढे सरकला. “आणि.”

“ज्यांच्या रानात अजून पाऊस नाही त्यांची आठवण कर.”

“आणि.”

“दहावीला बसलेल्या लेकरांची.” “आणि.” “मावशींच्या गुडघ्यांची.” “आणि.” “पुण्याला दादाच्या नोकरीची.” “आणि.” किती वेळ चाललं मी पाहिलं नाही. शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला. सगळ्यांची नावं होत आली तेव्हा मी म्हटलं, “पप्पांची वाचा परत दे.”

अंगठा थांबला नाही. “आणि,” पप्पा म्हणाले.